सबनिसानं दरवाजा का उघडला

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन वर्ष व्हायला आलं आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. काल परंड्याहून येडशीला परत येताना एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "ताई, कुणाशी बोलायलाव?" मी चक्क तोंडानं बडबडत होते! मग ठरवलं, बडबडण्यापेक्षा लिहूनच टाकावं. निदान लिहिताना तुम्ही मला मध्येच तोडणार नाही.

आणि आज मी पहिल्यापासून सांगणार आहे, माझ्या पद्धतीनं. तुम्ही सांगायला लागलात की सुरुवात व्हायची मोगलांच्या वेढ्यापासून. खंदक किती खोल, तोफ कुठल्या बुरुजावर, फौज कुठल्या बाजूनं आली... मुद्द्यावर येईस्तोवर ऐकणारा चहा पिऊन उठलेला असायचा. किती वेळा सांगितलं तुम्हाला, अण्णा, थोडक्यात सांगत जा म्हणून!

मी तेव्हा चौथीत होते. परंड्यात टीव्ही मोजकेच. दर आठवड्याला इतिहासातल्या माणसांची ती मालिका लागायची. आज एक राणी, पुढच्या आठवड्यात एक न्यायाधीश, त्याच्या पुढच्या आठवड्यात कुठला तरी आरमाराचा सरदार. तासाभरात माणसाचं अख्खं आयुष्य खलास. सुरुवातीला एक चष्मेवाले गृहस्थ खुर्चीत बसून गंभीर आवाजात प्रस्तावना करायचे. सिंहासन दर वेळी तेच, फक्त वरची चादर बदललेली. पुठ्ठ्याचा बुरूज कुणी टेकलं की हलायचा. तरी आम्ही सगळे श्वास रोखून बघायचो. तुम्ही तर हात जोडूनच बसायचात, देवळात बसल्यासारखे.

आणि मग ते टीव्हीवाले खरंच आपल्या किल्ल्यात आले! त्यांच्या दिग्दर्शकाला पुठ्ठ्याचा वीट आला होता म्हणे, त्याला खऱ्या भिंती पाहिजे होत्या. गोष्ट वेढ्याची. किल्लेदार, त्याची बायको आणि सबनीस मुंबईचे नट. बाकीची माणसं इथलीच घेतली. दरवाजावरचा नाईक म्हणून तुमच्या जिवलग मित्राला, गिरणीवाल्या नानांना घेतलं, कारण नानांच्या मिशा. पिठाच्या गिरणीत उभा असलेला माणूस, अंगावर पांढरं पीठ, आणि दिग्दर्शक म्हणाला, "हाच."

तुम्हाला कुणी घेतलं नव्हतं. तुम्ही भांड्याच्या दुकानात बसून फुरंगटला होतात, आई अजून सांगते.

मग तिसऱ्या दिवशी सबनिसाचं काम करणाऱ्या नटाला ऊन लागलं. सबनीस म्हणजे किल्ल्यातल्या दाणापाण्याचा हिशेब ठेवणारा कारकून, आणि गोष्टीत शेवटी दरवाजा उघडून देणारा तोच. नट डाकबंगल्यात कपाळावर कांदा ठेवून पडला. दिग्दर्शकानं डोकं धरलं. तेव्हा नाना पुढं झाले आणि म्हणाले, "साहेब, आमच्याकडं एक गडी हाय. सोनारीच्या यात्रेत त्यानं रडवलं न्हाय असं माणूस न्हाय." ते तुम्हाला दुकानातून उठवूनच घेऊन गेले. हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत, अण्णा. तुमच्या गोष्टीत दिग्दर्शक स्वतः दुकानात चालत यायचा!

मी शूटिंग बघितलं नाही. चौथीतल्या पोरीला तिथं कोण उभं करतंय! पण ज्या दिवशी तो भाग टीव्हीवर लागणार होता तो दिवस मला लख्ख आठवतो. तालमीच्या अंगणात टेबल मांडून त्यावर टीव्ही ठेवला होता. गच्चीवर एक जण ॲन्टेना धरून उभा. बायका एका बाजूला, गडी एका बाजूला, आम्ही पोरं पुढं मातीत. तुम्ही नवा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत. नाना मात्र नव्हते. त्यांच्या मेव्हण्याकडं बार्शीला काहीतरी कार्य होतं, ते तिकडंच अडकले होते.

नाईक आणि सबनीस दरवाजाशी समोरासमोर आले. अंगणात हशा, शिट्ट्या. नाना म्हणाले, "सबनीस, किल्ली मागू नका. दरवाजा उघडला तर सात पिढ्यांना तोंड दाखवता येणार नाही." तुम्ही मान वर केलीत. तोंड उघडलंत.

आणि लाईट गेली.

अहो काय ते दुर्दैव! अंगणभर काळोख, माणसं ओरडतायत, कुणी डीपीकडं पळालंय. तुम्ही तसेच बसून होतात, हलला नाहीत. लाईट आली तेव्हा दरवाजा सताड उघडा, शत्रू आत, आणि नाना भिंतीला टेकून रक्तबंबाळ, "माझ्या देहावरून जा" म्हणत मरतायत. अख्ख्या अंगणानं नानांसाठी टाळ्या वाजवल्या. तुमचं पुढं नावही आलं नाही. फक्त कुणीतरी मागून म्हणालं, "सबनिसानं घात केला की रं!"

तुम्ही उठून उभे राहिलात. "म्या बोललो व्हतो," म्हणालात. "तिथं म्या लई मोठं बोललो व्हतो. लाईट गेली तेव्हाच ते झालं."

"आसंल, आसंल," लोक म्हणाले आणि आपापल्या चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून नाना 'नाईक' झाले आणि तुम्ही 'सबनीस'.

आता मला सांगा, एवढं काय बिघडलं होतं? गावात कुणाला 'बोका' म्हणत होते, कुणाला 'इंजिन'. ते ओ देत होते आणि सुखानं जगत होते. तुम्ही नाही! दुकानात कुणी येऊन "सबनीस, ते तिसऱ्या फळीवरचं पातेलं दाखवा" म्हणालं की तुम्ही पातेलं दाखवायचंच नाही. आधी त्याला बसवायचं, वेढा सांगायचा, विहिरी आटल्याचं सांगायचं, सबनिसाची बाजू सांगायची. तोवर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊन पातेलं घेऊन घरीसुद्धा पोचलेलं असायचं. आई आतून कपाळ बडवायची. "विकायला बसलाव का कीर्तन करायला?" असं ती एकदा म्हणाली, तर चार दिवस अबोला.

आणि माझं लग्न! ते कसं विसरू? येडशीला मांडवात पंगत बसली होती. ह्यांचे एक आजोबा, साधा भोळा माणूस, सहज विचारते झाले, "म्हंजे सबनिसाची लेक आली म्हणा की आमच्या घरात?" ते हसत होते, अण्णा! प्रेमानं बोलत होते! आणि तुम्ही हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवून पंगतीच्या मधोमध उभे राहिलात. "वाढप थांबवा," म्हणालात. मग वेढा. मग विहीर. भात थंड, वरण थंड, मी नव्या साडीत घामानं निथळतेय, आणि व्याही मंडळी हात पत्रावळीवर ठेवून ऐकतायत. सासरी मला कितीतरी वर्षं "वेढा" म्हणून चिडवायचे, ठाऊक आहे तुम्हाला? तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परत येडशीला आला असतात समजावून द्यायला.

पत्रं किती लिहिलीत त्या टीव्हीवाल्यांना! पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा. उत्तर नाही आलं तर स्वतः मुंबईला गेलात. दिवसभर त्यांच्या दारात बसून राहिलात आणि शेवटी कुणीतरी सांगितलं की तेव्हा टेपांची टंचाई असायची, त्यावर नंतर दुसरं काही घेतलं असेल. परत आलात तेव्हा आईनं तुमचा चेहरा बघितला आणि फक्त गरम भाकरी वाढली.

या सगळ्यावर मी हसू शकते. चिडून का होईना, हसू शकते. पण दोन गोष्टींवर नाही.

एक म्हणजे तुम्ही सोनारीच्या यात्रेतलं नाटक सोडलंत. भैरवनाथाच्या यात्रेत दर वर्षी तुम्ही आणि नाना उभे राहायचात. लोक गाड्या जुंपून यायचे तुमच्यासाठी. "ज्या गावाला माझा शब्द खरा वाटत न्हाय, त्या गावापुढं तोंड रंगवणार न्हाय" म्हणालात आणि खरंच पुन्हा कधी तोंडाला रंग लावला नाहीत. घरात आमच्यासमोरसुद्धा कधी एक वाक्य म्हणून दाखवलं नाहीत. शिक्षा कुणाला केलीत, अण्णा? गावाला दुसरे नट मिळाले. तुम्हाला दुसरं काही मिळालं का?

दुसरी गोष्ट नाना.

नानांचं नाव घरात काढायचं नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. का, ते नाही. दळण लांबच्या गिरणीतून आणायचो. नानांची बायको वारली तेव्हा तुम्ही मातीला गेलात, पण चिंचेखाली लांब उभे राहिलात, एक शब्द न बोलता परत आलात. आणि गेल्या वर्षी तुम्ही गेलात तेव्हा नाना काठी टेकत शेवटपर्यंत मागं चालले. परत आल्यावर सगळे घरात आले, ते फाटकाशीच थांबले. मी म्हणलं, "नाना, आत या की." ते म्हणाले, "त्यानं बोलावलं न्हाय बाळ." आणि निघून गेले.

आता ऐका. दिवाळीनंतर आपल्या ऋतुजानं, तुमच्या नातीनं, पुण्याहून घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. कुणीतरी जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेटी जपून ठेवल्या होत्या आणि आता इंटरनेटवर चढवल्यात. खाली तिनं लिहिलं होतं, "आई, हे आजोबा आहेत का?"

मी कुकर बंद केला आणि ओट्याला टेकून बघितलं. चित्रावर मुंग्या आल्यासारखे ठिपके, मधून मधून आडव्या रेघा. पण दरवाजा आपलाच. नाना केवढे तरुण! आणि तुम्ही. अहो, तुम्ही किती बारीक होतात! नाना म्हणाले ते वाक्य. तुम्ही मान वर केलीत. आणि या वेळी लाईट गेली नाही.

तुम्ही अजिबात ओरडला नाहीत. मला वाटायचं, तुम्ही मोठमोठ्यानं गर्जना केली असणार. तुम्ही शेजाऱ्याशी बोलावं तसं बोललात. "नाईक, सकाळी विहिरीत घागर सोडली. दगडावर वाजली. आत लेकरं ओल्या भिंती शोधून चाटतायत. धनी म्हणतात इज्जत राखा. कुणाची राखू? मेलेल्यांची? उद्या लोक माझ्या नावानं थुंकतील. थुंकू देत. थुंकायला तोंडात ओल लागते. ती तरी राहील."

आणि नाईकानं, म्हणजे नानांनी, स्वतःच्या हातानं कमरेची किल्ली काढून तुम्हाला दिली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

अण्णा, मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. रडले. आणि मग अशी काही चिडले तुमच्यावर! अहो, तुमचा सबनीस स्वतः म्हणतो, थुंकू देत! त्यानं अख्ख्या फौजेसमोर बदनामी गिळली, आणि तुम्हाला पातेलं मागणाऱ्या गिऱ्हाईकाचं एक "सबनीस" गिळवेना? तुमच्याच तोंडचं वाक्य होतं ते! एकदा तरी स्वतःचं ऐकायचं होतंत!

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परंड्याला आले. आईला दाखवलं. तिनं चष्मा पुसून फोन डोळ्याशी धरला. संपलं तरी हातातून सोडेना. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "शर्टाची बाही बघ की, अंगरख्यातनं बाहेर दिसायलीया. म्या म्हणलं व्हतं काढून जावा म्हणून. ऐकत्यात का?" आणि मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, "गिरणीवर जा. त्यास्नी दाखव आधी."

नानांची गिरणी आता त्यांचा पुतण्या चालवतो. नाना बाहेर बाकड्यावर बसलेले. मी फोन पुढं केला. त्यांनी बघितलाच नाही. म्हणाले, "म्या बघितलंय बाळ. त्याच दिशी. बार्शीला लाईट व्हती."

मी विचारलं, "म्हणजे तुम्ही सगळं बघितलं होतं?"

"समदं. मेव्हण्याच्या घरात माणसं रडाय लागली व्हती. दुसऱ्या दिशी सकाळी उतरलो एसटीतनं आणि सरळ तुमच्या दुकानात. म्हणलं, गड्या, चल चौकात. म्या सांगतो सगळ्यास्नी, माझ्या डोळ्यानं बघितलंय."

"मग?"

"मग काय! उखडला. म्हणला, तुझी साक्ष लागली तर माझा शब्द कशाला हाय? म्हणला, तू तर मेलायस त्यात, मेलेल्याची साक्ष कोण घेतंय? म्या हसलो. तिथंच चुकलं. म्हणला, तुला नाईक म्हणून मिरवायचंय. माझ्यासाठी एक शब्द जरी बोललास तर तुझं माझं संपलं." नाना मिशीवरून हात फिरवत राहिले. "त्या हसण्यावरच संपवलं त्यानं मग."

अण्णा! सांगा मला, हे काय होतं? एक माणूस, ज्यानं तुम्हाला ते काम मिळवून दिलं, तो तुमच्यासाठी चौकात उभा राहायला तयार होता. आणि तुम्ही त्यालाच घालवलंत? कशासाठी? गावानं तुमच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवावा म्हणून? असा कुठला हट्ट असतो?

मी तिथंच ठरवलं. म्हणलं, आता तुमची परवानगी मागायची नाही. तालमीच्या पोरांना गाठलं. त्यांनी अंगणात पांढरा पडदा बांधला, पुण्याहून ऋतुजा आली, प्रोजेक्टर आला, आणि मी जनरेटर आणल्याशिवाय सुरू करू दिलं नाही. परवा रविवारी संध्याकाळी दाखवलं. आईला खुर्ची पुढं टाकली. शेजारी नाना. त्या दोघांमध्ये एक खुर्ची मोकळी राहिली, कुणी बसलं नाही.

माणसं बरीच आली. तरणी पोरं आपापल्या फोनवर, त्यांना तुम्ही कोण तेही ठाऊक नाही. पण म्हातारीकोतारी पुढं येऊन बसली. तुमचं बोलणं सुरू झालं आणि फोन बंद झाले, अण्णा. खरंच बंद झाले. संपल्यावर आधी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

मी उभी राहिले. मला बोलायचं होतं. पाठ करून आले होते. म्हणलं, "इतकी वर्षं तुम्ही माझ्या वडलांना फितूर म्हणत होतात. आता बघितलंत ना? ते खरं बोलत होते, आणि तुम्हाला कुणालाच..."

"ए बेटी, थांब थांब," मागून आवाज आला. बाबूभाई सोडावाले. नव्वदीला आले असतील, पण आवाज तसाच. "कुणालाच काय? हमकू सब मालूम था."

"काय ठाऊक होतं?"

"सगळं! ह्यो नाईक," त्यांनी नानांकडं काठी दाखवली, "दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इथंच, ह्या कट्ट्यावर उभा राहून अख्खं करून दाखवलं त्यानं. त्याचं बी आणि तुझ्या अब्बाचं बी. एक शब्द सोडला नाही. आम्ही रडलो इथं! आणि आम्हाला शपथ घातली, की त्याला सांगू नका म्या सांगितलं म्हणून, नायतर तो माझं तोंड बघणार नाही."

मी नानांकडं बघितलं. नाना जमिनीकडं.

"मग 'सबनीस' का म्हणत होता तुम्ही?" माझा आवाज चढला असणार.

बाबूभाई हसायलाच लागले. "अगं, मग काय म्हणायचं? नाईक तर काय, कुणी बी मरतंय लढून. सबनीस व्हायला काळीज लागतं. इज्जतीनं म्हणत होतो आम्ही! आणि खरं सांगू, चिडायचा लई मस्त."

"पण एकदा तरी सांगायचं त्यांना, आम्हाला पटलंय म्हणून!"

"सांगायला गेलो की! मी गेलो, हा गेला, तो गेला. तुझा बाप बोलू देतोय का? तोंड उघडलं की वेढा सुरू! शेवटपर्यंत कोण टिकतंय त्यात?"

अख्खं अंगण हसलं, अण्णा. आई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले, आणि हसता हसता इतकं भरून आलं की खाली बसावं लागलं. तुम्हाला हवं होतं ते सगळं तुमच्याकडं होतं हो! दुसऱ्याच दिवसापासून होतं! ज्या रस्त्यानं तुम्ही मान ताठ करून, कुणाकडं न बघता जायचात, त्या रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तुम्हाला मानत होता. तुम्ही फक्त एकदा गप्प बसायचं होतंत. एकदा! कुणाचं तरी वाक्य पुरं होऊ द्यायचं होतंत!

मी नानांना विचारलं, "अण्णांची अट मोडली म्हणून तुम्ही कधी आला नाहीत का?"

ते म्हणाले, "त्यानं नको म्हणलेलं म्या केलंच व्हतं की. कुठल्या तोंडानं येऊ? आणि त्याला कळलं असतं तर वाटलं असतं, लोकं माझ्या साक्षीवर मानत्यात. त्याच्या शब्दावर न्हाय. मग तर तो जगलाच नसता." मग म्हणाले, "येड्या डोक्याचा व्हता. पर शब्दाचा पक्का."

तुम्ही दोघंही. दोघंही त्याच मातीचे! एकानं तोंड उघडायचं थांबवलं नाही, दुसऱ्यानं उघडलं नाही, आणि मधल्या मधे आयुष्य गेलं.

काल सकाळी आईनं मला पाठवून नानांना बोलावून घेतलं. "बोलवायचं तर म्या बोलावतेय म्हणून सांग," म्हणाली. ते आले. फाटकाशी थांबले नाहीत. सोप्यात बसले, भिंतीवरचा तुमचा फोटो बघितला, बराच वेळ बघितला. मग त्यांनी एकदम पाठ सरळ केली आणि फोटोकडं बघत म्हणाले, "सबनीस, किल्ली मागू नका. दरवाजा उघडला तर सात पिढ्यांना तोंड दाखवता येणार नाही."

मला पुढचं येत होतं, मी म्हणायला गेलेच होते.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "नाईक, सकाळी विहिरीत घागर सोडली. दगडावर वाजली."

ती चहा गाळत होती. हात थांबला नाही. सगळं म्हणाली, एकही शब्द न चुकता, तुमच्यासारखंच हळू. चहाचा कप नानांपुढं ठेवताना म्हणाली, "शूटिंगच्या आधी दिवसभर माझ्यासंगच बोलत बसले व्हते. मलाच नाईक केलं व्हतं. किल्ली म्हणून उलथनं दिलं व्हतं हातात." नानांनी कप उचलला नाही. आई समोर बसली आणि तीही रडली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

तर अण्णा, आता जे ठरलंय ते ऐका, आणि ऐकून घ्या. तालमीच्या पोरांना चैत्रात सोनारीच्या यात्रेत हा प्रवेश करायचा आहे. काल दुपारी, मी निघायच्या आधी, ते घरी विचारायला आले. नाईक कोण, तर नाना, असं त्यांनी धरलंच होतं. नाना म्हणाले, "नाईक तुमच्यातलं कुणी बी करा. मिशा चिकटवा. सबनीस म्या करनार." पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक जण म्हणाला, "पर नाना, लोक तुमाला नाईक म्हणत्यात." नाना म्हणाले, "लई वर्षं म्हणले. आता पुरे."

तुम्ही असतात तर उखडला असतात, ठाऊक आहे मला. "त्यानं माझं काम का करायचं?" म्हणून दुकानाचं शटर आपटलं असतंत. आपटा. या वेळी मी समजूत काढायला येणार नाही.

पण एवढं वचन देते. यात्रेला मी आईला घेऊन पहिल्या रांगेत बसेन. नाना ऐंशीच्या घरात आलेत, कुठं अडखळले तर आई सांगेल, आईला सुचलं नाही तर मी सांगेन. प्रवेशाच्या आधी कुणालाही वेढा समजावून सांगू देणार नाही. आणि संपल्यावर नानांना तसंच अंगरख्यात, रंग न पुसता, आपल्या घरी जेवायला आणीन. तुमच्या जागेवर बसवीन. त्यांना पुरणपोळी आवडते, आई सांगत होती. दर अमावस्येला, गिरणी बंद असते तेव्हा, येत जा म्हणणार आहे, आणि ते नको म्हणाले तरी ऐकणार नाही.

चिडायचं तर चिडा.

तुमची,
सुनंदा